टाकेद ते चिरगाव : गिधाडांमागे पाच दिवस

ही वाट नाशिक जिल्ह्यातल्या सर्वतीर्थ टाकेदला सुरू होते आणि रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावला संपते. मध्ये अंजनेरीचा कडा, हरसूलजवळचा खोरीपाडा आणि एक आख्खा दिवस गाडीत. महिना जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी. डिसेंबरात गेलं तर अंड्यावर बसलेल्या पक्ष्याची पाठ तेवढी दिसते. एप्रिल संपता संपता जावं तर बरीच पिल्लं उडून गेलेली असतात, आणि उन्हात कड्याखाली तासभरही बसवत नाही.

सामानाबद्दल थोडं आधीच. ८×४२ ची दुर्बीण आकाशासाठी पुरते. घरट्यात पिल्लू आहे की नुसती काटक्यांची रास, हे ठरवायला मात्र २० ते ६० पट मोठं दाखवणारा स्पॉटिंग स्कोप लागतो, आणि त्याच्यासाठी जड ट्रायपॉड. हलका ट्रायपॉड कड्याच्या वाऱ्यात थरथरतो आणि ४० पटीच्या पुढे काहीच स्थिर दिसत नाही. त्याच्या मधल्या हुकाला पाण्याच्या दोन बाटल्या भरलेली पिशवी टांगली की काम भागतं. अकरानंतर तापलेल्या दगडावरची हवा लहरायला लागते, तेव्हा झूम ६० वर नेऊन उपयोग नसतो. ३० वर आणलं तर उलट जास्त कळतं. कपडे मळखाऊ रंगाचे. माणशी तीन लिटर पाणी. अत्तर, सेंट, वासाचं तेल घरीच ठेवायचं. कारण दुसऱ्या दिवशी कळेल.

पहिला दिवस : टाकेद

इगतपुरी तालुक्यातलं टाकेद घोटीहून आत जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रावणाशी लढून जखमी झालेला जटायू इथे पडला, त्याच्या तोंडात पाणी घालायचं म्हणून रामानं बाण मारून सगळ्या तीर्थांचं पाणी एका जागी आणलं, म्हणून हे सर्वतीर्थ, अशी इथली श्रद्धा. कुंड आहे, देवळं आहेत, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. पक्षी बघायला आलेल्यानं यात्रेचा दिवस टाळलेला बरा. आंध्रातलं लेपाक्षी आणि केरळातलं चडयमंगलम हीसुद्धा जटायू पडल्याची ठिकाणं मानली जातात. चडयमंगलमच्या खडकावर तर २०० फूट लांबीचा जटायू उताणा पडलेला आहे, एक पंख तुटलेला.

टाकेदला आकाशात गिधाड दिसेलच असं नाही. इथे यायचं ते दुसऱ्या कारणासाठी. ज्या पक्ष्याचं नाव मराठीत शिवी म्हणून वापरतात, त्याच पक्ष्याच्या नावानं इथे हात जोडले जातात. 'प्रेताच्या टाळूवरचं लोणी' या जातीच्या माणसाला आपण गिधाड म्हणतो, जमिनी लाटणारे लोक 'गिधाडासारखे तुटून पडतात', वर्तमानपत्रांना लचके तोडायला गिधाडंच लागतात. घरावर गिधाड बसलं की अपशकुन, शांत करायची. शनीच्या ध्यानश्लोकात त्याचं वाहन गिधाड आहे, आणि ती भीतीही पक्ष्याच्या खात्यावर जमा झाली.

वाल्मीकींनी जटायूला 'गृध्र' असंच म्हटलं आहे, गरुड नव्हे. अरुणाचा मुलगा, म्हणजे गरुडाचा पुतण्या. अरण्यकांड वाचताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी : रावण सीतेला घेऊन निघतो तेव्हा जटायू झाडावर पेंगत असतो आणि तिच्या हाकेनं जागा होतो. ज्यानं दुपारभर गिधाडांचा थवा पाहिला आहे त्याला हे वर्णन लगेच पटतं. पोट भरलेलं गिधाड तासन्तास फांदीवर मान आत ओढून बसून असतं. जटायू आपलं वय साठ हजार वर्षं सांगतो. आकडा सोडून द्या. पण दीर्घायुषी, सावकाश वाढणारा पक्षी ही पारख बरोबर आहे.

एका जागी मात्र कवीनं नखं उसनी आणली. जटायू रावणाला नखांनी फाडतो. खऱ्या गिधाडाचे पाय चालायला बनलेले, नखं बोथट, पकड कमजोर. ते जिवंत सावज उचलून नेऊ शकत नाही. सगळी ताकद चोचीत आणि मानेत. ही नखं गरुडाची.

आणि त्याच कांडात पुढे, रक्तानं माखलेला जटायू पाहून रामाला पहिल्यांदा वाटतं ते हेच, की यानंच सीतेला खाल्लं. तो धनुष्याला बाण लावतो. मग खरं कळल्यावर पित्याचा करावा तसा त्याला अग्नी देतो आणि गोदावरीवर जलांजली. संशय आणि सन्मान एकाच प्रसंगात आहेत. आपण संशय भाषेत ठेवला आणि सन्मान देवळात.

संध्याकाळी मुक्कामाला नाशिक किंवा त्र्यंबक गाठावं. उद्या पहाटे उठायचं आहे.

दुसरा दिवस : अंजनेरी

नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर नाशिकपासून साधारण २० किलोमीटरवर अंजनेरी फाटा. डोंगराची उंची सुमारे १,३०० मीटर. हनुमानाचं जन्मस्थान म्हणून भाविकांची वर्दळ असते. पायऱ्या, वाटेत जैन लेणी, वर पठारावर अंजनीमातेचं देऊळ आणि तळं. डोंगराचा काही भाग संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

गिधाडांसाठी माथ्यावर जायची गरज नाही, आणि कड्याच्या तोंडाशी जाऊन खाली डोकावणं तर सपशेल चूक. वरून आलेली आकृती पाहिली की बसलेला पक्षी उठतो. अंडं किंवा पिल्लू उघडं पडतं. मग ऊन किंवा कावळा, जे आधी पोचेल ते. बैठक पायथ्याच्या मोकळ्या माळावर मारायची, कड्यापासून निदान ४००-५०० मीटर लांब, पाठीमागे झाड किंवा झुडूप असेल अशी, म्हणजे आपली बाह्यरेषा आकाशावर उठत नाही. सातच्या आत जागा धरलेली असावी.

आधी नुसत्या डोळ्यांनी पांढरे ओघळ शोधायचे. कड्यावर लांब चोचीचं गिधाड वीण करतं, आणि वर्षानुवर्षं वापरलेल्या कपारीखाली विष्ठेचा पांढरा पट्टा उतरलेला असतो. पण ओघळ दिसला म्हणजे घरटं सापडलं असं नाही. पारव्यांचे ओघळ पसरट आणि विटके असतात. शाहीन ससाण्याचे अरुंद, फटकारे मारल्यासारखे. गिधाडाचा पट्टा रुंद, चुन्याचा डबा उपडा झाल्यासारखा, आणि त्याच्या वरच्या टोकाला फळीसारखी कपार असते. बसायची जागा आणि घरट्याची जागा यांचे ओघळ सारखेच. फरक काटक्यांनी कळतो : घरटं दोन-तीन फूट रुंद, काटक्यांचं, आत हिरवा पाला.

स्कोप एका कपारीवर लावून वीस मिनिटं हलवायचा नाही. नवखे इथेच चुकतात. दोन मिनिटं बघून पुढच्या कपारीवर जातात आणि पिल्लू त्या वीस मिनिटांत एकदाच डोकं वर काढतं. लहान पिल्लू पांढुरक्या लवेचा गोळा असतं. साधारण महिन्याभरानं खांद्यावर आणि पंखाच्या कडेला गडद पिसांचे खुंट दिसू लागतात. अंडं उबायला पन्नासेक दिवस, आणि पिल्लू उडेपर्यंत आणखी साडेतीन-चार महिने. एका जोडीचं वर्षाला एकच अंडं, तेही दर वर्षी यशस्वी होत नाही, आणि पक्षी वीण करायला लागायलाच चार-पाच वर्षं घेतो. ज्या पक्ष्याचा हिशोब असा असतो, त्याला मोठी माणसं मरणं परवडत नाही.

सूर्य कड्यावर आला की तमाशा सुरू होतो. एकेक पक्षी कपारीच्या कडेला येतो, पाठ उन्हाकडे करतो आणि दोन्ही पंख पूर्ण उघडून उभा राहतो, वाळत घातलेल्या घोंगडीसारखा. सहा-सात फुटांचा पसारा. रात्रीचा गारठा तर जातोच, शिवाय आदल्या दिवशी तासन्तास तरंगताना वाकलेली मोठी पिसं उन्हात पुन्हा सरळ होतात. सावलीत त्याला फार जास्त वेळ लागतो. संपातीनं धाकट्या जटायूला सूर्यापासून वाचवण्यासाठी पंख पसरले आणि स्वतःचे जाळून घेतले, ही किष्किंधाकांडातली गोष्ट ज्यानं पहिल्यांदा रचली त्यानं उन्हात पंख उघडून बसलेलं गिधाड नक्की पाहिलं असणार.

उड्डाण नऊ-साडेनऊशिवाय नाही. पाच-सहा किलोचा पक्षी पंख मारत उडत राहिला तर थकून जाईल. त्याला तापलेल्या जमिनीवरून वर उठणाऱ्या हवेची शिडी लागते. आधी घारी वर जातात. घारी न फडफडता गिरक्या घ्यायला लागल्या की पाच-दहा मिनिटांत पहिलं गिधाड कडा सोडतं. ढगाळ दिवशी हे सगळं दीड-दोन तासांनी लांबतं, आणि पाऊस भुरभुरला तर ती जागची हलतच नाहीत. आकाशात बघून परत फिरणाऱ्यांनी कड्याकडे बघावं.

संपातीच वानरांना आकाशाचे मजले सांगतो. पहिला धान्य टिपणाऱ्यांचा, दुसरा कावळ्यांचा आणि फळं खाणाऱ्यांचा, तिसरा भास, क्रौंच आणि कुररांचा, चौथा ससाण्यांचा, पाचवा गिधाडांचा, सहावा हंसांचा आणि त्याच्यावर गरुडाचं कुळ. अंजनेरीच्या पायथ्याला बसून साडेदहाला मान वर केली की खालचे पाच मजले जवळजवळ याच क्रमानं भरलेले दिसतात. आणि शंभर योजनांवरची सीता दिसते असं तो म्हणतो, कारण आम्हा गिधाडांची नजरच तशी. आपल्याकडची गिधाडं खरोखर वासानं नाही, नजरेनं अन्न शोधतात. एक खाली उतरायला लागलं की लांबचं दुसरं त्याला बघून वळतं, त्याला बघून तिसरं.

या नजरेला एक खोट आहे. खाली जमीन न्याहाळताना मान झुकलेली असते, आणि डोळ्यांवरच्या जाड भुवईमुळे तेव्हा समोरचं त्याला दिसत नाही. म्हणून पवनचक्क्या आणि विजेच्या तारा त्याच्या जिवावर उठतात. हजारो वर्षं त्या उंचीवर समोर आडवं येणारं काही नव्हतंच. अंजनेरीला रोपवे करण्याच्या प्रस्तावाला पक्षिअभ्यासकांनी विरोध केला त्यामागे गर्दीइतकाच हाही मुद्दा आहे, आणि तो हट्टीपणा म्हणून उडवून लावण्यासारखा नाही.

ओळख पटवताना : घारीची शेपटी टोकाला खाच पडलेली, गिधाडाची आखूड आणि बोथट. डोकं इतकं लहान की उडताना नसल्यासारखंच. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी सुटी. लांब चोचीचं गिधाड खालून फिकट मातकट, उडण्याची पिसं गडद. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाच्या पंखाखालचं अस्तर पांढरं आणि कडा काळ्या. गिरकी घेताना पाठ फिरली की कमरेवरचा पांढरा चौकोन चमकतो. त्याच्या पिल्लात हे पांढरं नसतं, त्यामुळे पहिल्या वर्षाचे पक्षी चुकीच्या रकान्यात सर्रास पडतात. खात्री नसेल तर 'गिधाड, जात अनिश्चित' लिहावं. मोजताना फेऱ्यांची बेरीज करायची नाही. एका वेळी जास्तीत जास्त किती एकदम दिसले, तो आकडा.

आता अत्तराचं. सह्याद्रीच्या अशा कड्यांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात, बरेचदा गिधाडांच्या कपारीशेजारीच. उग्र वास, धूर, मोठा आवाज, ड्रोन यांनी ती उठतात. उठली तर हात झाडायचे नाहीत, डोकं आणि तोंड कापडानं झाकून सरळ लांब पळायचं, सामान तिथेच टाकून. स्कोप नंतर परत मिळतो.

तिसरा दिवस : खोरीपाडा

त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे रस्ता वळला की मुलूख बदलतो. घाटमाथा, नागलीची खाचरं, साग, विखुरलेले पाडे. खोरीपाड्याला गावकरी आणि वन विभाग मिळून 'गिधाड उपाहारगृह' चालवतात. नाव हौशी आहे, काम नाही. मेलेलं ढोर ठरलेल्या जागी आणून टाकायचं, एवढंच. परवानगी हरसूलच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून आदल्या दिवशीच घ्यावी. आणि आज ढोर पडलं नसेल तर काही दिसणार नाही, हे मनाशी धरूनच जावं.

ठरलेली जागा म्हणजे उघडा, उताराचा माळ. झाडं कडेला, मध्ये नाहीत : भरल्या पोटी उडायला गिधाडाला धावपट्टी लागते. दाट झाडीत किंवा खड्ड्यात टाकलेलं ढोर वरून दिसत नाही, दिसलं तरी ती उतरत नाहीत. विजेचे खांब जवळ नकोत, रस्ता नको. कुत्र्यांना अडवायला कुंपण हवं, पण जागा ऐसपैस. जवळ पाणी असेल तर उत्तम. खाल्ल्यावर गिधाडं अंघोळ करतात, आणि ती करतात नीट, मान बुडवून.

ढोर आणण्याआधी मालकाला विचारायचा प्रश्न एकच : शेवटच्या आठ-दहा दिवसांत याला कुठलं इंजेक्शन दिलं? उत्तर 'माहीत नाही' आलं तर ते ढोर पुरायचं. उदार होऊन चालत नाही. कातडं सोललेलं असेल तर चांगलं, कारण पांढऱ्या पाठीच्या आणि लांब चोचीच्या गिधाडाला ताज्या बैलाचं जाड कातडं फाडणं जड जातं. ती डोळे, जीभ, गुदद्वार अशा मऊ जागांनी सुरुवात करतात आणि लांब मान आत घालतात. डोक्या-मानेवर पिसं नसण्याचा उपयोग तेव्हा दिसतो. सोललेलं ढोर मोठ्या थव्यानं धरलं की तासाभरात हाडं उरतात.

आधी कावळे येतात, मग घारी. गिधाडं आजूबाजूच्या झाडांवर उतरून बसून राहतात, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. इथे घाई करणारा फोटोवाला सगळ्यांचं जेवण उधळतो. आडोसा निदान दीडशे मीटरवर, त्यात पहाटे अंधारात शिरायचं आणि थवा उठून गेल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. घाबरलेलं गिधाड उडण्याआधी वजन कमी करायला खाल्लेलं ओकून टाकतं. म्हणजे एक चांगला फोटो आणि एका पिल्लाचं उपाशी राहणं.

पहिलं धीट गिधाड उड्या मारत, पंख अर्धे उघडे ठेवून येतं. मग हाणामारी. फुसकारे, किंकाळ्या, एकमेकांच्या पाठीवर चढणं. त्यांच्या पोटातलं आम्ल इतकं तीव्र असतं की सडक्या मांसातले बहुतेक जंतू तिथेच संपतात.  

शांतिपर्वातली गिधाड आणि कोल्ह्याची गोष्ट इथे बसून आठवली नाही तर नवल. मेलेलं मूल घेऊन लोक स्मशानात येतात. गिधाड म्हणतं, रडून काय होणार, दिवस आहे तोवर घरी जा. कोल्हा म्हणतो, एवढी कसली घाई, अजून सूर्य आहे, थांबा थोडं, मूल जिवंतही होईल. दोघांचं तत्त्वज्ञान ऐकण्यासारखं आहे आणि दोघांचा डोळा प्रेतावर. दिवसाउजेडी माणसं गेली तर गिधाडाचं जेवण, अंधार पडेपर्यंत थांबली तर कोल्ह्याचं. शेवटी शंकर मूल उठवतो. पण गोष्टीची कळ आहे ती खाण्याच्या वेळापत्रकात : गिधाड दिवसाचं, कोल्हा रात्रीचा. खोरीपाड्यालाही हेच. ढोर सकाळी टाकलं तर गिधाडांना, संध्याकाळी चारला टाकलं तर रात्रीतून कोल्ही-कुत्री ते संपवतात. म्हणून वेळ सकाळची.

आता त्या इंजेक्शनाबद्दल, कारण सगळ्या प्रवासाची गाठ तिथे आहे. १९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांना गिधाडं झाडांवर मान टाकून बसलेली आणि मरून पडलेली दिसू लागली. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्के घटली, लांब आणि बारीक चोचीची मिळून सुमारे ९७ टक्के. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून पुढे आलं : डायक्लोफिनॅक, गुरांना दुखण्यासाठी देतात ते. औषध दिल्यावर लगेच मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तात यूरिक आम्ल साठतं आणि दोन-तीन दिवसांत पक्षी मरतो. शवविच्छेदनात काळजावर, यकृतावर खडूची भुकटी फासल्यासारखा पांढरा थर निघतो. शंभर मढ्यांत एखादंच विषारी असलं तरी थवा संपायला पुरतं, कारण एका मढ्यावर साठ-सत्तर पक्षी जेवतात.

२००६ मध्ये गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलीलिटरवर आणली. ॲसिक्लोफिनॅक गुराच्या शरीरात जाऊन डायक्लोफिनॅकच बनतं. ते आणि किटोप्रोफेन २०२३ मध्ये बंद झाले, निमेसुलाइड त्यानंतर. मेलॉक्सिकॅम आणि टोल्फेनॅमिक ॲसिड गिधाडांना बाधत नाहीत आणि गुरांना लागू पडतात. पाड्यावर कुणाची गाय आजारी असेल तर ही दोन नावं कागदावर लिहून देणं, हे दहा भाषणांपेक्षा कामाचं. कागद मराठीत आणि ठळक अक्षरात. मेडिकलच्या दुकानात दाखवायला.

चौथा दिवस : गाडीत

नाशिक ते म्हसळा, पनवेल-माणगावमार्गे, सुमारे ३०० किलोमीटर. सकाळी सहाला निघावं; मुंबई-गोवा महामार्गावर वेळेचा भरवसा देता येत नाही. बघायला काही नाही.

मुंबईला बगल देऊन जाताना मलबार हिलवरच्या डुंगरवाडीचा विषय निघतोच. पारशी लोकांच्या दखम्यात, म्हणजे वरून उघड्या मनोऱ्यात, देह पक्ष्यांना देण्याची रीत होती. अग्नी, पाणी, माती विटाळू नये आणि जाताना शेवटचं दान व्हावं. तिथे परक्याला प्रवेश नाही, आणि आता गिधाडंही नाहीत. त्यांच्या जागी सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवले. पावसाळ्यात ते काय करणार, हा प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागत नाही. २०१५ पासून वरळीला पारशांसाठी प्रार्थनागृह झालं, तिथे दहनाचा पर्याय आहे. एका पक्ष्याच्या जाण्यानं एका धर्माचा अंत्यविधी बदलला.

बाकीच्यांचंही फार वेगळं नाही. गिधाडं गेली, मढी कुत्र्यांकडे आणि नाल्यांकडे गेली, रोगराई वाढली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २००० ते २००५ या वर्षांत यामुळे भारतात सुमारे पाच लाख जादा माणसं मेली असा हिशोब मांडला आहे. अपशकुन म्हणावा तर तो हा.

पाचवा दिवस : चिरगाव

इथे कडा नाही, झाडं आहेत. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर, बेहडा किंवा आंब्याच्या बेचक्यात, काटक्यांचं घरटं करतं, आणि एकेका रानात अनेक जोड्या शेजारी शेजारी. म्हसळा, श्रीवर्धन भागात महाडच्या सीस्केप या संस्थेनं गावकऱ्यांना धरून वर्षानुवर्षं या घरट्यांची राखण केली आहे. स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय रानात शिरू नये. वाट चुकते म्हणून नव्हे. कुठल्या झाडाखाली आज जायचं नाही हे त्यालाच माहीत असतं.

घरट्याचं झाड शोधायचं तर मान वर करून नाही, खाली बघून. पाचोळ्यावर चुना शिंपडल्यासारखे शिंतोडे, एखादं हातभर लांब काळपट पीस, हाडाचा तुकडा, आणि कुबट वास. हे दिसलं की झाडाखाली न थांबता पन्नास-साठ पावलं बाजूला होऊन, फांद्यांतून फट सापडेल तिथे स्कोप लावायचा. पानांमुळे अर्धं घरटं झाकलेलं असतं. कड्यापेक्षा इथे दुप्पट वेळ धरावा.

इथली दुखणी निराळी. गिधाडं नेहमी बसतात त्या झाडाची पानं विष्ठेनं जळतात, झाड वठतं. नारळ-आंब्याच्या मालकाची तक्रार खोटी नसते, आणि त्याच्याकडे भरपाईची बोली न करता 'पर्यावरण वाचवा' सांगायला जाणारा मार खाण्याच्या लायकीचा. फेब्रुवारी-मार्चात डोंगरउतारांवर वणवे लावतात, तेव्हा पिल्लं घरट्यातच असतात. धूर सरळ वर जातो. ३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ या पट्ट्यातून गेलं तेव्हा शे-दीडशे वर्षांची झाडं एका दुपारीत आडवी झाली. गिधाडाला लागणाऱ्या जाडीचं झाड पुन्हा उभं राहायला आपली हयात पुरत नाही.

पण मोठं कारण उपासमार. शेती सुटली, बैल गेले, गोठ्यात दोन जर्सी उरल्या. मेलेलं ढोर आता खड्डा करून पुरतात. औषधांपासून वाचलेली गिधाडं खायला नाही म्हणून लांब लांब जातात, आणि जाताना तारा आड येतात. म्हणून इथेही ढोर घालण्याची जागा हवी, आणि त्याच नियमांनी.

पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर : चोचीत पाणी ओतायचं नाही, श्वासनळीत जातं. जाड टॉवेल डोक्यावर टाकायचा, अंधार झाला की ते शांत होतं. मग दोन्ही पंख अंगाशी धरून, चोच आपल्यापासून लांब, भोकं पाडलेल्या खोक्यात. ते अंगावर ओकेल, त्याची तयारी. खाऊ घालायच्या भानगडीत पडू नये. वन विभागाचा १९२६ क्रमांक फिरवावा आणि झाडाची जागा नीट सांगावी. पिल्लू धडधाकट असेल तर ते त्याच झाडावर परत ठेवणं सगळ्यात चांगलं. पक्षी माणसाच्या वासानं पिल्लू टाकतो, ही समजूत खोटी आहे.

संध्याकाळी साडेपाचपासून शेवटची मोजणी. पक्षी एकेक करून पश्चिमेकडून येतात, झाडावर दोन गिरक्या, मग पाय पुढे काढून धप्प. फांदी खाली वाकते, आधी बसलेला वैतागून सरकतो. सात वाजेपर्यंत हे चालतं. फोटो कुठे टाकणार असाल तर जागेची खूण फोनमधून बंद करायची आणि गावाच्या नावाच्या पुढे जायचं नाही.

मोजणीच्या कागदावर घरट्याचा क्रमांक, झाडाची जात, बसलेला मोठा पक्षी, बघायला लागलेली मिनिटं, असे रकाने असतात. शेवटचा पिल्लाचा. पिल्लू नजरेस पडलं नसेल तर त्यात 'नाही' लिहू नका. 'दिसलं नाही' लिहा, आणि किती वाजेपर्यंत बघितलं ते.